कापसाच्या खोलीतला पंखा

आज सकाळी दहाला मी जुना लॅपटॉप सुरू केला आणि त्याला एक काम लावून दिलं. काम चार-साडेचार तासांचं आहे. तोवर जवळ बसून राहायचं, त्याचं तापमान बघायचं आणि पंखा कुठल्या आवाजात फिरतोय ते ऐकायचं, एवढंच माझ्या हातात आहे.

खोली सेवाग्रामची, भाड्याची. घरमालकीण काकू नातवंडांकडे अमरावतीला गेल्या आहेत, त्यामुळे खालचा मजला बंद आहे. सकाळी नळ आला तेव्हा शेजारच्या बाईंनी "पानी आलं वो" म्हणून हाक दिली. त्यानंतर माणसाचा आवाज ऐकलेला नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात अकरा वाजले की रस्ता आपोआप रिकामा होतो. दारं लोटली जातात, खिडक्यांना ओल्या चादरी लागतात, कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत जाऊन पडतात. कूलरची घरघर प्रत्येक घरातून येते, पण त्या घरघरीच्या आत कोण आहे ते कळत नाही.

लॅपटॉप मी दोन वाट्या पालथ्या घालून त्यांच्यावर ठेवला आहे, म्हणजे खालून हवा मिळते. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं तापमान दिसतं. आत्ता अठ्ठ्याहत्तर. पंखा मधल्या वेगावर. बरं चाललं आहे.

काम म्हटलं तर लहानसं आहे. एका वावराचा, म्हणजे शेताचा, रंग बदलायचा आहे. माझ्या गावच्या, आंजीच्या शिवारातलं आमचं बरडाचं, हलक्या मुरमाड जमिनीचं वावर, चार वर्षांपूर्वी माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधातल्या नकाशात मी ते पडीक दाखवलं. ते पडीक नव्हतं. प्रबंध देण्याआधी मला ते कळलं होतं आणि तरीही मी तो तसाच दिला. आता त्याचं कोणाला काही नाही. मला पदवी मिळाली, त्या पदवीवर नोकरी मिळाली, आणि प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात कुठल्यातरी कपाटात उभा आहे. पण दर उन्हाळ्यात हवा अशी कोरडी झाली की मला ते वावर आठवतं. यंदा ठरवलं, एकदा नीट करून टाकू.

जुन्या लॅपटॉपचा पंखा वेग घेऊ लागला की पहिल्यांदा एक बारीक शीळ येते. ती ऐकली की मी सेवाग्रामात राहत नाही. मी कापसाच्या खोलीत जाते.

आमच्या घरात तीन खोल्या. समोरची, जिथं आई-बाबा झोपतात. मागचा स्वयंपाक. आणि मधली, जी दिवाळीनंतर आमची राहत नाही, कापसाची होते. वेचणी झाली की कापूस तिथं येतो आणि भाव बरा येईपर्यंत तिथंच राहतो. आमच्या भागात यात कोणाला नवल वाटत नाही. पाहुणे आले की कापूस थोडा मागे सारून जागा करायची. लहानपणी आम्ही त्यावर उड्या मारायचो आणि बाबा ओरडायचे. त्या वर्षी ढीग आढ्याच्या दोन हात खालपर्यंत आला होता, आणि मे आला तरी खोलीतच होता.

मी हॉस्टेल सोडून घरी आले ते एप्रिलच्या शेवटी. प्रबंध पूर्ण करायला शांत जागा हवी होती, आणि दार असलेली खोली ती एकच. खिडकीजवळ चटईएवढी जागा केली, एक पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप. माझी पाठ कापसाला टेकायची.

कापसाच्या खोलीत आवाज मरतो, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगून समजणार नाही. आई दारात उभं राहून बोलली तरी लांबून बोलल्यासारखी वाटायची. सरकीचा एक तेलकट, उबदार वास. उजेडाच्या पट्ट्यात तंतू तरंगत असायचे, खाली बसायचेच नाहीत. त्या खोलीत कूलर लावता येत नव्हता, कारण ओलीनं कापूस पिवळा पडतो. छताचा पंखाही बाबा लावू देत नसत. त्याच्या जुन्या वायरीतून कधीकाळी ठिणगी उडाली होती. कापसाची आग वरून दिसत नाही. आतल्या आत सरकत जाते आणि दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. बाबा त्या खोलीत शिरायच्या आधी खिशातली आगपेटी उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचे. देवळाबाहेर चप्पल काढावी तसे.

आणि त्या खोलीत मी रोज शहाण्णव अंशांवर तापणारं एक यंत्र घेऊन बसत होते.

माझा विषय होता आंजीच्या शिवारातला जमिनीचा वापर. उपग्रहानं वरून काढलेलं चित्र घ्यायचं आणि लॅपटॉपला शिकवायचं, की हा रंग पेरलेल्या जमिनीचा, हा पडीक जमिनीचा, हे धाम नदीचं पाणी, ही झाडी, ही वस्ती. मग तो सगळ्या शिवाराचा एकेक ठिपका तपासतो आणि नकाशा रंगवतो. पावसाळ्यातली चित्रं ढगांनी भरलेली असतात. मला वापरता येण्यासारखं एकच मिळालं, आदल्या वर्षीच्या जुलैच्या मध्यावरचं. ते फार मोठं होतं, आणि माझा लॅपटॉप नागपूरच्या एका दुकानातून घेतलेला, आधी कोणीतरी वापरून टाकलेला. जे काम चार तासांचं, ते दीड तासावर आलं की पंखा किंचाळायचा आणि पडदा काळा व्हायचा. सगळं पहिल्यापासून.

आमच्या शाळेत एक संगणक होता. फुलाफुलांचं कापड घालून झाकलेला. वर्षातून दोनदा आम्ही त्या खोलीत जायचो, तेही पाय धुऊन, आणि सर फक्त तो सुरू करून दाखवायचे. बंद कसा करायचा हे दाखवायची वेळ यायच्या आत तास संपायचा. त्या मुलीला एम.एस्सी.पर्यंत आणणारी माणसं पुष्कळ आहेत आणि मी त्यांना विसरलेली नाही. पण त्या मे महिन्यात त्यांच्यापैकी एकही जण मला विचारायला जवळ नव्हता. मार्गदर्शक सरांनी आधीच एकदा मुदत वाढवून दिली होती. दुसऱ्यांदा मागितली तर वर्ष जाणार होतं. बरोबरच्या मुलींचे प्रबंध देऊन झाले होते. दोघींची लग्नं ठरली होती आणि बाकीच्या फोनवर परीक्षेबद्दल बोलत. लॅपटॉप तापतो, हे दुःख कोणाला सांगायचं?

आई दुपारी ताकाचा पेला घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "काय करून राह्यली वो माय दिवसभर? कापूस मोजून राह्यली का?"

"नकाशा करते आहे, आई."

"कोनाचा?"

"आपल्या गावाचा."

"गाव तर इथंच हाय. पळून चाललं का कुठं?"

ती हसायची आणि जायची. मी हसायचे नाही. मला वाटायचं, या घरात मी काय करते हे कोणालाच कधी कळणार नाही. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा पेढे वाटले गेले, पण कशात पहिली आले हे एकानंही विचारलं नाही. अशी माझी तेव्हा सारखी तक्रार असायची. मनातल्या मनात.

मी व्हिडिओ बघून शिकत गेले. तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो घातला. तोच पंख्याचा वेगही हातात देतो. एरवी लॅपटॉप स्वतःच ठरवतो, किती तापलं की पंखा किती फिरवायचा. ते सगळं मी त्याच्याकडून काढून घेतलं आणि पंखा कायमचा सगळ्यात वरच्या वेगावर लावला. प्रोसेसरला सत्तर टक्क्यांच्या वर धावू द्यायचं नाही, असंही एक बटण सापडलं. त्यानं काम हळू झालं पण तापही उतरला. दोन दिवस मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

पंख्याचा तो आवाज मात्र त्या मेलेल्या खोलीतूनही बाहेर जायचा. बाबा दारात आले.

"काऊन बोंबलून राह्यला तो? विहीर आटली का त्याची?"

बाबांच्या कानाला मोटारीचा आवाज पाठ होता. घरी बसून ते सांगायचे की विहिरीवरची मोटार आता पाणी ओढते आहे की नुसती हवा. लॅपटॉपच्या बाबतीतही त्यांचं निदान बरोबर होतं. पंखा नुसता फिरत होता, पण आत काहीतरी आटलं होतं. मला ते कळलं नाही. मी म्हटलं, "मुद्दाम जोरात ठेवलाय. गरम होऊ नये म्हणून."

"असं व्हय," ते म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी तापमान पुन्हा चढलं. पंखा पूर्ण वेगात, प्रोसेसर बांधलेला, पाटाखाली हवा यावी म्हणून चारही बाजूंना विटा, आणि तरी सत्त्याण्णव. चौथ्या दिवशी अर्ध्या तासातच पडदा काळा. मी लॅपटॉप ओढणीत गुंडाळला आणि सकाळच्या पहिल्या बसनं वर्ध्याला गेले.

दुकान बसस्टँडजवळच्या एका गल्लीत होतं. पुढं बापाचं धान्याचं दुकान, मागच्या भिंतीला लागून मुलाचं लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल. मुलगा माझ्याच वयाचा असेल. त्यानं मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हा लॅपटॉप हाय का उशी?"

चिमट्यानं त्यानं पंखा आणि त्याच्यापुढच्या तांब्याच्या जाळीमधून एक पट्टी ओढून काढली. करडी, बोटभर जाड, दाबून दाबून नमद्यासारखी झालेली. शाळेत सूत कातायला आम्हाला जे पेळू द्यायचे, तसंच काहीतरी, फक्त मळलेलं.

"कापसाच्या गोडाऊनमधी ठेवता का याले?"

"घरीच आहे. खोलीत कापूस आहे."

"मंग पंखा फुल करून ठेवला असन?"

"हो."

"कोनं सांगतलं?"

"व्हिडिओत पाहिलं."

"व्हिडिओवाल्याच्या घरी पऱ्हाटीचा कापूस नसन न," तो म्हणाला. "ताई, पंखा जितका जोरात, तितका कापूस आत. तुमी याले श्वास घे म्हनून राह्यल्या अन् हा कापूस गिळून राह्यला."

पुढून त्याचा बाप हसला. मीही हसले, पण कानापर्यंत लाल झाले असणार. त्यानं पंखा ब्रशनं साफ केला, जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि स्क्रू बसवता बसवता म्हणाला, "आता बरा चालन. पन याले कापसापासून दूर ठेवा. नाई तर कापसाले याच्यापासून."

तीन खोल्यांच्या घरात दूर म्हणजे कुठं, हे मी त्याला विचारलं नाही. स्वयंपाकघरात चूल. समोरच्या खोलीत दिवसभर येणारे-जाणारे, तिथंच कूलर, आणि त्या ओल्या हवेत लॅपटॉप ठेवायची मला भीती. मी परत आले आणि पुन्हा त्याच चटईवर बसले. फक्त लॅपटॉप जिथून हवा ओढतो त्या फटींवर आईच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधला. त्यानं तंतू अडले आणि हवाही अडली. त्र्याण्णव, पंच्याण्णव.

त्या संध्याकाळी बाबा आत आले. आगपेटी नेहमीप्रमाणे बाहेर ठेवून. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी लॅपटॉपवर तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

"एवढा तपते?"

"हो."

"रोज?"

"काम चालू असलं की."

ते लॅपटॉपकडे पाहत राहिले आणि मग कापसाकडे. वर्षाचं सगळं पीक माझ्या पाठीशी होतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, उचल हे. मी मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं. उचलते, पण मग पदवीचं नाव काढू नका. इतकं कडू उत्तर मी बाबांसाठी जुळवून ठेवलं होतं, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

"किती दिवसाचं काम हाय?" त्यांनी विचारलं.

"आठ-दहा दिवस."

"बरं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कसल्यातरी घासण्याच्या आवाजानं मी जागी झाले. बाबा जुन्या चादरीत कापूस भरून, गाठ मारून, पाठीवर घेऊन समोरच्या खोलीत नेत होते. आई तिथं तो पसरत होती. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून दोघं बोलत नव्हती. मी उठले तर बाबा म्हणाले, "तू बस, तुयं काम कर." मी दोन खेपा केल्या, मग सरांचा फोन आला आणि मी खरोखरच काम करायला बसले. नऊ वाजता मधली खोली रिकामी होती. भिंतीवर कापूस टेकला होता तिथपर्यंत एक फिकट रेघ राहिली होती. मी आईला हाक मारली तर माझाच आवाज परत आला.

आई-बाबांना मात्र आता निजायला ढीग आणि भिंत यांच्यामधली एक पट्टी उरली होती, कूलर बंद. मे महिन्यात साठवलेल्या कापसाला बारीक किडे होतात, डोळ्यांना न दिसणारे. चार दिवसांत दोघांच्या मानेवर, दंडांवर लाल पुरळ उठलं. आई कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ करायची आणि बाबांना ऐकवायची.

"लेकीचा डबा थंडा राह्यला पाह्यजे. बुढ्या-बुढीच्या अंगाचा कोळसा झाला तं होऊ द्या."

"तू चूप बस न बाप्पा. तिले ऐकू जाईन."

"जाऊ द्या ऐकू. बाप खाजवून राह्यला अन् लेक नकाशा काढून राह्यली. त्या नकाशात खाज दाखोजो म्हना तिले."

मला ऐकू जात होतं. रिकाम्या खोलीत सगळंच ऐकू येतं. पण तेव्हा मी पंखा ऐकत होते. तो आता मधल्या वेगावर, एका सुरात, दमलेल्या माणसाला गाढ झोप लागावी तसा चालत होता. ब्याऐंशी. ऐंशी. मी आकड्यांवरून नजर काढत नव्हते. एका यंत्राचा ताप मला एका अंशापर्यंत माहीत होता. शेजारच्या खोलीत दोन माणसांचं काय चाललंय, हे मी आईच्या टोमण्यांवरून ओळखत होते.

नकाशा पूर्ण झाला तो प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी, सकाळी. पडद्यावर आंजी उघडली. पेरलेली जमीन हिरवी, पडीक खाकी, धाम निळी. मी इतकी आनंदले की कोणाला तरी दाखवावंच लागणार होतं. बाबा अंगणात कुऱ्हाडीचा दांडा बसवत होते. त्यांना हात धरून आत आणलं.

मला वाटलं होतं, समजावून सांगावं लागेल. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकून पाहिलं आणि एका मिनिटात बोट ठेवलं. "हा नाला. ही आर्वीची सडक. मंग हा आपला धुरा." धुरा म्हणजे वावराचा बांध. वरून गाव कधीही न पाहिलेल्या माणसानं वरून गाव ओळखलं. आणि मग ते बोट थांबलं.

"हे खाकी काय हाय?"

मी तोवर ते पाहिलंच नव्हतं. नकाशा खरा आहे का ते तपासायला मी शिवारात वीसेक ठिकाणी उन्हातान्हात गेले होते. लोकांना विचारलं होतं, जुलैत इथं काय होतं, पेरा कधी केला. आमच्या बरडाच्या वावरात गेले नव्हते. ते आपलंच, त्यात विचारायचं काय!

"पडीक," मी म्हटलं.

आमच्याकडे पडीक हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. वावर पडीक म्हणजे त्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं, किंवा कोणी उरलं नाही. बाबा सरळ उभे राहिले.

"पडीक? मी पडीक ठेवलं वावर?"

"चित्र जुलैतलं आहे बाबा. तेव्हा तिथं काही उगवलेलं दिसत नाही. नुसती माती."

"माती दिसनच न. दोनदा पेरलं थे. पयल्यांदा निंगालंच नाई, पानी दडी मारून बसलं. मंग मोडून दुसऱ्यांदा पेरलं. तुया चित्रात दुसरा पेरा जमिनीखाली असन."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुयी परीक्षा होती थ्या वक्ती," बाबा म्हणाले. "अन् सांगून तू का पाऊस आनणार होती?"

मी हॉस्टेलमध्ये होते. दर रविवारी फोन व्हायचा. पेरणी झाली का, मी विचारायचे. झाली, ते म्हणायचे. दोन्ही वेळा खरंच सांगितलं होतं त्यांनी. ज्या कापसाला पाठ टेकून मी महिनाभर बसले होते, ज्याचे तंतू लॅपटॉपच्या पोटातून निघाले, जो आता त्यांच्या अंगाला खाज आणत होता, त्यातला निम्मा त्याच वावरातून आलेला होता. आणि मी जगाला सांगायला निघाले होते की तिथं काही पेरलंच गेलं नाही.

दुरुस्त करायचं तर ऑक्टोबरचं चित्र सोबत घेऊन सगळं पुन्हा चालवावं लागलं असतं. त्याची सगळी प्रक्रिया, तपासणी, छपाई. हातात एक दिवस होता.

बाबांनी माझा चेहरा पाहिला असावा. "राहू दे," ते म्हणाले. "एका वावरानं काय होते? नंबर कटतीन उगाच. देऊन टाक." आणि दारातून वळून, थोडं हसून, "सायबाले सांगू नको फक्त, की हे तुया बापाचं हाय."

मी देऊन टाकला. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, पडीक जमिनीची कारणं काय? मी तीन कारणं सांगितली. मजूर मिळत नाहीत, माणसं शहरात जातात, जमीन हलकी आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान हलवली. घरी आले तेव्हा व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन गेला होता, कापूस गेला होता, आणि बाबा समोरच्या खोलीत हातपाय पसरून झोपले होते. दंडावरचे लाल ठिपके अजून होते. त्यांना उठवून सांगावं, पास झाले म्हणून, असं वाटलं. उठवलं नाही.

आता पंखा थोडा चढला आहे. एक्क्याऐंशी. दोन वाजून गेले. बाहेरच्या पत्र्यावर काहीतरी तडकल्याचा आवाज येतो, ऊन पत्रा ताणतं तेव्हा येतो तसा.

ऑफिसात मी आता रोज नकाशेच करते, गावोगावचे. तिथला संगणक मोठा आहे, थंड खोलीत असतो, त्याला कोणी हात लावून बघत नाही. दुसऱ्याच्या गावाचा नकाशा करताना मी आधी फोन करून विचारते, पेरा दोनदा झाला का? लोक चकित होतात. "मॅडम, तुमाले कसं मालूम?" म्हणतात. घरी मात्र अजून आमचं बोलणं तब्येत, पाऊस आणि जेवण यांच्यापलीकडे जात नाही. आंजी इथून तासाभराच्या आत आहे. महिन्यातून दोनदा जाते, आईच्या हातचं खाते, बाबा बसपर्यंत सोडायला येतात, आम्ही दोघं सडकेकडे बघत उभे राहतो. मग बस येते.

जुलैच्या जोडीला ऑक्टोबरचं चित्र देऊन लावलेलं काम अडीचला संपलं. पडद्यावर आंजी पुन्हा रंगली. मी नाला शोधला, सडक शोधली, धुऱ्यापर्यंत आले. बरडाचं वावर हिरवं होतं.

मी बराच वेळ ते बघत बसले. दाखवायला कोणी नव्हतं. शेवटी बाबांना फोन लावला.

"हां, बोल. काऊन, भर दुपारचा फोन? तब्येत बरी हाय न?"

"बरी हाय. बाबा, तो माया नकाशा होता न..."

"कोनता नकाशा?"

ते विसरले होते. मी चार उन्हाळे जे जवळ बाळगलं, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. क्षणभर वाटलं, फोन ठेवावा.

"कॉलेजचा. त्याच्यात आपलं बरडाचं वावर पडीक आलतं. आज दुरुस्त केलं. आता पेरलेलं दिसते."

पलीकडे कूलर चालू होता. बाबा म्हणाले, "मशीनले कसं समजलं, आपन दोनदा पेरलं थे?"

"मी सांगतलं."

"हं."

मग खाट करकरली, ते उठून बसले असावेत.

"दोनदा नाई, बाई. नाल्याकडच्या तासाच्या ओळी तिसऱ्यांदा टोबल्या होत्या, एकेक बी हातानं मातीत घालून. मी अन् तुयी माय दोघंच होतो. मजूरबी नोते. कुठून कुठपावतर, सांगू का?"

"थांबा बाबा," मी म्हटलं, "कागद घेते." आणि कागद घेऊन बसले. "हं, सांगा."